कल्याण दरवाजातून तोरणा

सिंहगडावर कल्याण दरवाजाच्या बाजूला उभं राहिलं की नैर्ऋत्येला राजगड आणि त्याच्या उजव्या हाताला तोरणा दिसतो. पुणेकराला यात नवं काही नाही. पण मला नेमक्या याच दृश्याचा फोटो काढून घरात लावायचा होता, बारा बाय अठरा इंचांचा, पुढे सोनकी फुललेली आणि मागे दोन्ही गड. त्यासाठी एक हिवाळा आणि दोन पावसाळे गेले.

पहिली खेप डिसेंबरातली. सूर्य वर्षभर एकाच जागी मावळत नाही हे शाळेत शिकले होते, पण त्याचा फोटोशी संबंध गडावर उभं राहिल्यावर कळला. डिसेंबरात तो दक्षिणेकडे सरकतो आणि तोरण्याच्या थोडा उजवीकडे उतरतो. कॅमेरा जवळजवळ उजेडावरच रोखावा लागला. त्यात हिवाळ्यातली धूळ. दोन्ही गड एका करड्या पट्टीत, कागद कातरून चिकटवल्यासारखे आले. शेजारी मडक्यातलं दही विकणाऱ्या मावशी म्हणाल्या, “आता काय दिसनार? भाद्रपदात ये, पाऊस पडून गेल्यावर. वारं सुटलं की तोरणा हाताला लागतो.”

मावशींचं बरोबर होतं. पावसानं हवा धुतली जाते हे एक, आणि सप्टेंबरात सूर्य जवळपास थेट पश्चिमेला मावळतो हे दुसरं. त्यामुळे चौकटीत उजवीकडून तिरका उजेड येतो. डोंगराच्या प्रत्येक सोंडेला एक उजळ आणि एक सावलीची बाजू मिळते. डोंगर भरीव दिसतो तो त्या सावलीमुळे.

पुढच्या सप्टेंबरात आतकरवाडीच्या पायवाटेनं दुपारीच वर गेले. उतरायची वेळ आधी नाक्यावर विचारून घेतली. हे गडावर जाणाऱ्या प्रत्येकानं करावं. पहिला प्रश्न लेन्सचा आला. १८ मिमीवर, म्हणजे लेन्स खूप रुंद ठेवली की, सोनकी भरघोस दिसते, पण तोरणा नखाएवढा होतो. १४०३ मीटर उंचीचा, पुणे जिल्ह्यातला सर्वांत उंच गड असा खुजा करणं मला पटेना. म्हणून २४ मिमीवर आले आणि फुलांपासून थोडी मागे सरकले. जवळचं-लांबचं सगळं स्पष्ट यावं म्हणून पूर्वी मी अ‍ॅपर्चर थेट एफ २२, म्हणजे लेन्सचं छिद्र अगदी बारीक, करत असे. पण छिद्र इतकं बारीक केलं की प्रकाशाचं विवर्तन होतं, म्हणजे तो कडांपाशी पसरतो, आणि सगळाच फोटो किंचित मऊ पडतो. माझ्या क्रॉप (लहान आकाराच्या) सेन्सरवर २४ मिमी आणि एफ ११ ठेवून सुमारे २.६ मीटरवर फोकस केला, तर १.३ मीटरपासून क्षितिजापर्यंत पुरेशी स्पष्टता मिळते. सोनकी बरोबर त्या हद्दीत बसली.

वाऱ्यानं मात्र दमवलं. ट्रायपॉडचा मधला दांडा खाली घेतला, पिशवी टांगली, तर पिशवीच झोके घेऊन कॅमेरा हलवू लागली. ती जमिनीला टेकेल इतकी खाली सोडली, लेन्समधलं स्टॅबिलायझेशन बंद केलं, दोन सेकंदांचा टायमर लावला. डोंगर स्वच्छ आले, सोनकी मात्र पिवळी रेघ झाली. त्या वर्षीचे फोटो तसेच राहिले.

गेल्या सप्टेंबरात दोन फोटो काढले. डोंगरांसाठी आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १०० आणि शटर १/३० सेकंद. लगेच, ट्रायपॉड न हलवता, फुलांसाठी आयएसओ ८०० आणि १/२५०. नंतर घरी संगणकावर पहिल्या फोटोवर दुसऱ्यातली फक्त फुलं मास्कनं, म्हणजे बाकी भाग झाकून, बसवली. आकाशासाठी ग्रॅज्युएटेड फिल्टर (वरून गडद, खाली पारदर्शक काच) नेला होता, पण इथलं क्षितिज सरळ नाही. फिल्टरची गडद पट्टी तोरण्याच्या माथ्यावरही उतरते आणि गड उगाच काळा पडतो. तो काढून ठेवला आणि हिस्टोग्राम (उजेड-अंधाराचा आलेख) बघत, ढगांतला पांढरा जळणार नाही इतकंच एक्स्पोजर ठेवलं. दरी स्क्रीनवर काळी दिसत होती, तरी घाबरले नाही. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, १४ बिट रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये, १६,३८४. अंधारातलं बरंच काही तिथून परत मिळतं.

आणि ते मिळतं म्हणूनच मी घरी चुकले. एडिटिंगमध्ये शॅडोजची (अंधारे भाग उजळणारी) पट्टी पार उजवीकडे ओढली, डिहेझ (धूसरपणा काढणारं) भरपूर, क्लॅरिटी (कडा उठावदार करणारी) भरपूर. दरीतला प्रत्येक बांध दिसायला लागला. प्रिंट आला तो काळवंडलेला आणि तरी सपाट. आमच्या वाड्यात एक काका आहेत, त्यांनी तरुणपणी डार्करूममध्ये काम केलंय. त्यांनी प्रिंट खिडकीशी नेऊन पाहिला आणि म्हणाले, “अगं, ही संध्याकाळ आहे ना? मग दुपार का केलीस?”

काळवंडण्याचं कारण सोपं होतं. मी रात्री, खोलीतला दिवा मालवून, मॉनिटर पूर्ण उजेडावर ठेवून काम करत होते. आता स्क्रीनवर कोरं पान उघडते, शेजारी कोरा कागद धरते आणि दोन्ही सारखे वाटेपर्यंत उजेड कमी करते. सपाटपणाचं कारण कळायला वेळ लागला. लांबचा डोंगर जवळच्यापेक्षा फिका आणि निळसर दिसतो, त्यावरूनच डोळा अंतर मोजतो. डिहेझनं मी ते अंतर पुसून टाकलं होतं. क्लॅरिटीनं कड्यांच्या कडेला पांढरी रेघ उमटली होती, ती वेगळीच.

सगळं पुसून पुन्हा सुरुवात केली. व्हाइट बॅलन्स (रंगांचा उबदार-थंडपणा) हातानं लावला, कारण ऑटोमध्ये कॅमेरा संध्याकाळचा सोनेरीपणाच कमी करत होता. पावसाळी हिरवा स्क्रीनवर डोळ्यांत खुपतो, त्याची संपृक्तता उतरवली. शॅडोज फक्त पुढच्या गवतावर, तेही किंचित. दरी अंधारात ठेवली. साडेसहाच्या सुमारास मला ती तशीच दिसली होती.

मोठ्या प्रिंटआधी चार बाय सहाचे तीन नमुने काढून दिवसा उजेडात पाहिले आणि त्यातला मधला निवडला. फाइल एसआरजीबी या नेहमीच्या रंगपद्धतीत दिली. अठरा इंचांना इंचामागे ३०० या हिशेबानं ५४०० पिक्सेल लागतात, माझ्या फोटोची लांब बाजू ६०००ची आहे. कागद चकचकीत न घेता लस्टर (कमी चमकीचा) घेतला, कारण भिंतीसमोर खिडकी आहे.

प्रिंट दिवाळीपासून भिंतीवर आहे. काका येतात तेव्हा आधी राजगडाची माची शोधतात. डाव्या कोपऱ्यातली दोन-चार फुलं अजून थोडी हललेली आहेत, १/२५० तिथे पुरलं नाही. यंदा १/५०० ठेवून बघणार आहे.