पोरगी खेळते चांगली, पण पुढे काय?

मुलींचा फुटबॉलचा सराव संपत आला की मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्या आया हमखास विचारतात, "सर, पोरगी खेळते चांगली, पण पुढे काय?" तुम्हीही तेच विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगतो.

पुढे इंडियन विमेन्स लीग आहे, मुलींची देशातली सर्वांत वरची लीग. 28 जानेवारी 2017 ला दिल्लीच्या आंबेडकर स्टेडियमवर ती सुरू झाली तेव्हा सहाच संघ होते, त्यात आपला एफसी पुणे सिटीही होता. 14 फेब्रुवारीला मणिपूरच्या ईस्टर्न स्पोर्टिंग युनियनने अंतिम सामना 3-0 असा जिंकला आणि खेळ संपला. नाव लीग, मुक्काम अठरा दिवसांचा.

हे अठरा दिवस मला फार खुपायचे. माझ्याकडची एक मुलगी अशाच एका छोट्या स्पर्धेत दुसऱ्याच सामन्यात घोटा मुरगळून परतली. रोज संध्याकाळी यायची, क्रेप बँडेज बांधलेला पाय कठड्यावरून खाली सोडून बसायची आणि बाहेर आलेला चेंडू चांगल्या पायाने परत ढकलायची. पाय महिन्याभरात बरा झाला. पुढची स्पर्धा मात्र दहा महिन्यांनी होती. सोळाव्या वर्षी दहा महिने म्हणजे किती, ते तिला विचारा.

म्हणून 2023-24 चा हंगाम मला सगळ्यांत मोठा वाटतो. पहिल्यांदाच सामने घरच्या आणि बाहेरच्या मैदानांवर झाले, म्हणजे प्रत्येक संघाशी एकदा आपल्या मैदानावर आणि एकदा त्यांच्या. सात संघ, प्रत्येकाचे बारा सामने, विजेता ओडिशा एफसी. 2024-25 मध्ये आठ संघ, चौदा सामने आणि ईस्ट बंगाल विजेता. इतके सामने असले की दुखापत झालेली मुलगी त्याच हंगामात परतू शकते, बाकावरच्या मुलीला संधी मिळते, बचावातली चूक पुढच्या आठवड्यात सुधारता येते. खेळाडू अशीच घडते.

धोका नाही असं मात्र मी कुणाच्या आईला सांगत नाही. पुणे सिटी 2019 मध्ये बंद पडला. ऑगस्ट 2022 मध्ये गोकुलम केरळ क्लबच्या मुली, लीग जिंकून, आशियाई क्लब स्पर्धेसाठी ताश्कंदला पोहोचल्या आणि त्याच सुमारास फिफाने, म्हणजे जागतिक फुटबॉल संघटनेने, भारतीय फुटबॉल महासंघाला निलंबित केलं. कारभारातल्या भांडणांची शिक्षा या मुलींना! एकही सामना न खेळता त्या परतल्या. निलंबन 26 ऑगस्टला उठलं, पण त्यांची स्पर्धा हुकलीच. मला ते आजही सहन होत नाही.

तेव्हा शिक्षण सोडू देऊ नका. पोलीस खात्यात, रेल्वेत खेळाडूंची भरती होते, तिकडेही लक्ष ठेवा. भारताकडून खेळलेली बाला देवी मणिपूर पोलिसांत होती, तिथूनच ती 2020 मध्ये स्कॉटलंडच्या रेंजर्स क्लबकडे गेली.

आणि ती घोटा मुरगळलेली? परवा सरावाला आली होती. बँडेज नव्हतं, बुटांना नव्या नाड्या होत्या.