अल्माटीची रशियन आणि मॉस्कोचे नियम

कझाकस्तानची राजभाषा कझाक असली, तरी अल्माटीतल्या कचेऱ्यांत आणि दवाखान्यांत माझे बहुतेक व्यवहार रशियनमध्येच होतात. 1995 च्या राज्यघटनेने शासकीय आणि स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये रशियनला कझाकच्या बरोबरीने वापरण्याची तरतूद केली आणि कायदेही दोन्ही भाषांत प्रसिद्ध होत आले.

मॉस्कोत छापलेल्या पुस्तकांवरून रशियन शिकलेला माणूस मात्र इथे थोडा चक्रावतो. पुस्तकातल्या ‘मेरिया’च्या, म्हणजे महापालिकेच्या, जागी इथल्या पाटीवर ‘अकिमात’ असते. प्रशासनाचा प्रमुख ‘अकिम’ आणि लोकप्रतिनिधींची सभा ‘मास्लिखात’. मूळ कझाकमधले हे शब्द रशियन वाक्यात शिरले की मुकाट्याने रशियन विभक्तिप्रत्यय स्वीकारतात: ‘व् अकिमाते’ (अकिमातमध्ये), ‘इझ अकिमाता’ (अकिमातमधून). बोलण्यात मोबाइलला सर्रास ‘सोत्का’ म्हणतात, जो शब्द रशियात बागेच्या शंभर चौरस मीटर जमिनीसाठी रूढ आहे.

बोलीतले असे भेद मला फारसे महत्त्वाचे वाटत नाहीत. पदपथाच्या कडेच्या दगडाला काय म्हणावे यावर मॉस्को आणि सेंट पीटर्सबर्ग यांचेही एकमत नाही. पण एखादा शब्द देशाच्या कायद्यात, अर्जाच्या नमुन्यात आणि वर्तमानपत्राच्या मथळ्यात नांदू लागला, की त्याला अशुद्ध कोणत्या तोंडाने म्हणायचे? शुद्धलेखनाचा पाया अजूनही 1956 च्या सोव्हिएत नियमावलीचा आहे आणि कोश-व्याकरणाच्या बाबतीत शब्द चालतो तो मॉस्कोतल्या विनोग्रादोव रशियन भाषा संस्थेचा. रशियाने 2023 मध्ये परकीय शब्दांच्या शासकीय वापरावर कायद्याने बंधने आणली. अर्थात ती सीमेपलीकडे लागू होत नाहीत.

खरी ठिणगी पडते ती नावांवरून. रशियाच्या अध्यक्षीय प्रशासनाच्या 1995 च्या आदेशात हे शहर ‘अल्मा-आता’ आहे आणि शेजारचा देश ‘किर्गिझिया’. इथले रशियन भाषक पत्रकार मात्र ‘अल्माटी’ आणि ‘किर्गिझस्तान’ असेच लिहितात, आणि माझ्या मते तो त्यांचा हक्कच आहे.

ऑक्टोबर 2023 मध्ये किर्गिझस्तानची राजधानी बिश्केक येथे पूर्वीच्या सोव्हिएत प्रजासत्ताकांच्या राष्ट्रकुलातील (सीआयएस) देशांच्या नेत्यांनी रशियन भाषेसाठी आंतरराष्ट्रीय संघटना स्थापण्याचा करार केला. त्याच बिश्केकमध्ये महाराष्ट्रातली कितीतरी मुले वैद्यकीचे शिक्षण घेतात. रुग्णाची विचारपूस करण्यापुरती रशियन त्यांना वर्गात शिकवली जाते. वयाने मोठ्या बाईला किर्गिझमध्ये ‘एजे’ आणि पुरुषाला ‘बाइके’ म्हणायचे, हे ती वॉर्डात शिकतात.