तकिट तकिट: एका ठेक्यामागचे सहा महिने

यंदा जानेवारीत ठरवलं की वर्षभर नवीन गाणी बसवायची नाहीत. एकच ठेका धरायचा आणि अंगात मुरेपर्यंत सोडायचा नाही. ठेका ड्रम्सवरचा, हाफ-टाइम शफल. बर्नार्ड पर्डींचा, मग जॉन बॉनमचा, मग जेफ पोर्कारोचा. तिघांनी तो आपापल्या घरचा केला, आणि ज्यांना ड्रम्स वाजवावेसे वाटले त्यांतल्या कित्येकांना तो वाटेत कुठेतरी अडवून उभा राहतोच. मला तो आठ वर्षं अडवून उभा आहे. आता जून आहे. कुठवर आले ते लिहून ठेवते, म्हणजे याच वाटेवर असलेल्या कुणाला उपयोग होईल.

जानेवारी. काठ्या हातात घेतल्याच नाहीत. महिनाभर फक्त तोंडाने.

हा ठेका कागदावर पाहिला तर साधा दिसतो. चार मात्रा, प्रत्येक मात्रेचे तीन तुकडे, म्हणजे एकूण बारा जागा. उजवा हात हाय-हॅटवर (पायाने उघडमीट होणाऱ्या झांजांच्या जोडीवर) प्रत्येक मात्रेचा पहिला आणि तिसरा तुकडा वाजवतो. डावा हात मधल्या तुकड्यावर स्नेअरला, म्हणजे समोरच्या खणखणीत ड्रमला, नुसता स्पर्श करतो. हीच ती घोस्ट नोट. ऐकू येते न येते, पण काढून टाकली तर गाणं लंगडं होतं. स्नेअरचा खणखणीत आघात मात्र तिसऱ्या मात्रेवर, आवर्तनात एकदाच. एरवीच्या रॉक ठेक्यात तो दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर पडतो. इथे एकदाच पडल्यामुळे लय निम्म्यावर आल्यासारखी वाटते, आणि आत मात्र तिश्र जातीची सगळी वळवळ चालूच असते.

पुस्तकी पद्धतीने 'वन-ट्रिपलेट' मोजताना माझं नेहमी अडखळायचं. मग कर्नाटक पद्धतीचं 'तकिट' घेतलं. तकिट तकिट तकिट तकिट. 'त' आणि 'ट' उजव्या हाताचे, 'कि' डाव्या हाताचा, आणि तिसऱ्या तकिटचा 'त' मोठ्याने. लोकलमध्ये उभ्याने, भाजी चिरताना, इस्त्री करताना हेच म्हणत होते. 'कि' म्हणताना जीभ जितकी हलकी लागते तितकीच काठी हलकी पडायला हवी, हे तोंडातूनच कळलं. नुसत्या डोळ्यांनी नोटेशन वाचून ते मला कधीच कळलं नसतं.

इथे त्रिलोक गुर्टूंची आठवण निघाल्याशिवाय राहत नाही. बाबांच्या कपाटात शोभाताई गुर्टूंच्या ठुमरीच्या कॅसेट होत्या, आणि त्यांचाच मुलगा जॉन मॅकलॉफ्लिनच्या गिटारबरोबर ड्रम्स वाजवतो हे मला कॉलेजात कळलं. १९८९ साली लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमधल्या मॅकलॉफ्लिन त्रयीच्या कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग आहे, ते ऐकाच. त्रिलोक स्टुलावर बसत नाहीत, गुडघे टेकून वाजवतात. शेजारी तबला असतो, पाण्याची बादली असते, आणि वाजवलेली झांज पाण्यात बुडवली की तिचा सूर वाकत जातो. ड्रमसेट हे परदेशी वाद्य आहे म्हणून त्याचा विचारही परदेशी भाषेतच करावा लागतो असं नाही, हे धैर्य मला त्यांच्याकडून मिळालं.

फेब्रुवारी. सरावाच्या पॅडवर, मेट्रोनोम ४८, म्हणजे मिनिटाला ४८ मात्रा. हो, ४८. पोर्कारोने हा ठेका जिथे वाजवला ते टोटो या बँडचं 'रोझॅना' साधारण ८५ च्या आसपास आहे, म्हणजे जवळजवळ निम्म्या वेगाने.

खरी अडचण एकाच जागी आहे. तिसऱ्या मात्रेवर डाव्या हाताने मोठा आघात करायचा आणि लगेच पुढच्याच तुकड्यावर त्याच हाताने कुजबुजायचं. मध्ये उसंत नाही. मोठ्या आघातानंतर काठी स्वाभाविकपणे उसळून वर जाते, आणि वर गेलेली काठी हलकी पडत नाही. उपाय ऐकायला सोपा आहे: आघात झाला की बोटं किंचित आवळून काठी खालीच थांबवायची, कातड्यापासून दोन बोटांवर, आणि तिथूनच पुढचा 'कि' सोडून द्यायचा. ड्रमर याला डाउनस्ट्रोक म्हणतात. मी आरशासमोर बसून रोज वीस मिनिटं फक्त हे दोन आघात केले. मोठा, लहान, थांबा. मोठा, लहान, थांबा. पंधरवड्यानंतर मनगटाऐवजी बोटं काम करायला लागली.

एक तांत्रिक गोष्ट. घरी माझा इलेक्ट्रॉनिक सेट आहे, जाळीच्या पॅडचा. घोस्ट नोट वाजत होती पण हेडफोनमध्ये येतच नव्हती, म्हणून मी नकळत जोर लावत होते. स्नेअर पॅडचा थ्रेशोल्ड (ज्याच्या खालचा आघात सेट धरतच नाही ती पातळी) खाली आणला आणि सेन्सिटिव्हिटी वाढवली तेव्हा कुठे हलका हात ऐकू आला. ज्यांच्याकडे असा सेट आहे त्यांनी आधी हे तपासा. नाहीतर चुकीची सवय लागते आणि ती मोडायला दुप्पट वेळ जातो.

मार्च. ५६. पहिल्यांदा गाण्याबरोबर, वेग कमी करून. सुरुवात पर्डींपासून.

पर्डी १९३९ सालचे, मेरिलँडमधल्या एल्क्टनचे. गायिका अरिथा फ्रँकलिनपासून स्टीली डॅन या बँडपर्यंत सगळ्यांसाठी त्यांनी वाजवलं. स्टीली डॅनच्या १९७७ च्या 'एजा' अल्बममधलं 'होम ॲट लास्ट' ऐका, आणि मग १९८० च्या 'गाउचो'मधलं 'बॅबिलॉन सिस्टर्स'. 'एजा'वरच्या माहितीपटात पर्डी स्वतः सेटवर बसून हा ठेका उलगडून दाखवतात. मी तो भाग किती वेळा पाहिला असेल याची मोजदाद नाही. मला त्यात सगळ्यात जास्त शिकवून गेला तो त्यांचा चेहरा. हात इतकं बारीक काम करताहेत आणि माणूस मनापासून हसतोय. माझा जबडा ५६ वरसुद्धा आवळलेला असायचा. मग सरावाच्या वेळी फोन समोर लावून स्वतःचा चेहरा बघायला लागले. जबडा सुटला की खांदा सुटतो, आणि खांदा सुटला की 'कि' हलका होतो.

याच महिन्यात मामेभाऊ सामील झाला. तो ठाण्याला असतो, गिटार वाजवतो, आणि गेलं वर्षभर लॅरी कार्लटनच्या मागे आहे. कार्लटनचा स्टीली डॅनच्या 'किड शार्लमेन'मधला सोलो (१९७६, अल्बम 'द रॉयल स्कॅम') त्याला अर्ध्यापर्यंत येतो. गंमत म्हणजे त्या गाण्यावर ड्रम्स पर्डींचेच आहेत, म्हणून आम्हा दोघांची वाट एकाच ठिकाणी येऊन मिळाली. रविवारी तो छोटा ॲम्प घेऊन यायला लागला. पहिल्याच दिवशी दहा मिनिटं ऐकून म्हणाला, "ताई, तू त्या 'कि'ला घाई करतेस. मी पिक खाली मारायच्या आत तुझा पुढचा येतो."

मी रेकॉर्डिंग ऐकलं. बरोबर होतं. माझे तीन तुकडे सारखे नव्हते, मधला पुढे सरकला होता. गिटारवाल्याला हे ड्रमरपेक्षा आधी का कळावं? कारण तोही तेच करत असतो. तारांवर डावा हात नुसता टेकवून उजव्या हाताने जे 'चक' काढतात ती गिटारची घोस्ट नोट. चांगल्या रिदम गिटारमध्ये वाजलेल्या सुरांइतकीच न वाजलेल्या सुरांची जागा पक्की असते. त्याने फक्त 'चक चक चक' वाजवायचं आणि मी माझा 'कि' त्याच्या मधल्या 'चक'वर ठेवायचा, असा सराव आम्ही चार रविवार केला. मेट्रोनोमने जे महिन्यात झालं नसतं ते यातून झालं.

एप्रिल. ६२ वर अडकले. लिहिण्यासारखं फार नाही. परीक्षांचे पेपर तपासणं, उकाडा, आणि खालच्या मजल्यावरच्या काकू. त्या एका संध्याकाळी वर आल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "तुमच्या वाजवण्याचा त्रास नाही हो, पण ते पायाचं धप्प धप्प थेट माझ्या डोक्यात येतं." हेडफोन असले तरी किकच्या, म्हणजे पायाने वाजवायच्या बास ड्रमच्या, पेडलचा हादरा फरशीतून खाली जातोच. मग प्लायवूडच्या दोन फळ्या आणि त्यांच्यामध्ये टेनिसचे चेंडू, असा ओटा करून घेतला. वरच्या फळीत भोकं पाडून चेंडू अर्धे बसवायचे, म्हणजे सरकत नाहीत. सगळा सेट त्यावर. काकूंना दुसऱ्या दिवशी खाली जाऊन विचारलं, त्यांनी मान डोलावली. फ्लॅटमध्ये ड्रम्स वाजवणाऱ्या प्रत्येकाने हा खर्च करावा असं मला वाटतं.

मे. ७०. हा महिना बॉनमचा.

लेड झेपलिन या बँडच्या बॉनमबद्दल लिहायला बसले की हात आवरत नाही. इंग्लंडमधल्या रेडिचचा, १९४८ चा जन्म, आणि १९८० च्या सप्टेंबरात बत्तिसाव्या वर्षी गेला. लोक त्याचं नाव ताकदीसाठी घेतात. २६ इंची बास ड्रम, दगडासारखा आघात. 'व्हेन द लेव्ही ब्रेक्स'चा आवाज तर सगळ्यांना माहीत आहे: हेडली ग्रेंज नावाच्या हँपशरमधल्या जुन्या घरात जिन्याच्या तळाशी सेट मांडला आणि साउंड इंजिनिअर अँडी जॉन्सने दोन माइक वर, जिन्याच्या उंचीवर टांगले. पोकळीनेच आवाज मोठा केला.

मला ते करून पाहायचं होतं. एका रविवारी दुपारी, सोसायटीत सांगून, नुसती स्नेअर घेऊन आमच्या जिन्याच्या तळाशी बसले आणि भाऊ फोन घेऊन दुसऱ्या मजल्यावर उभा राहिला. मोठा आघात ऐकताना दोघांच्याही अंगावर काटा आला. पण हाफ-टाइम शफल वाजवला तेव्हा फोनमध्ये सगळ्या घोस्ट नोटा गायब! पोकळीच्या घुमण्यात हलका हात वितळून जातो. तेव्हा लक्षात आलं की 'लेव्ही'मध्ये बॉनम इतकं मोकळं, इतकं कमी का वाजवतो. जागा स्वतःच इतकं बोलत असताना तो तिच्यावर बोलत नाही.

आणि आता 'फूल इन द रेन' ऐका. १९७८ च्या शेवटी स्टॉकहोमच्या पोलार स्टुडिओत रेकॉर्ड झालेलं, १९७९ च्या अल्बमवरचं. इथे आवाज जवळचा आहे, आणि तोच बॉनम इथे पर्डींचा शफल घेऊन बसलाय. डावा हात सतत कुजबुजतोय, हाय-हॅट आवर्तनात मधेच उघडून 'त्सिस्' करून मिटते, आणि सगळं डुलत चाललंय. ज्याला जग हातोडा समजतं त्याच्या हातात एवढी मऊ लेखणी होती. माझ्या मते बॉनमचं मोठेपण त्याच्या जोरात नाही, या दोन टोकांमधल्या अंतरात आहे. जोर मलाही येतो. हे अंतर येत नाही.

बँडचा गिटारवादक जिमी पेजबरोबरचं बॉनमचं नातं हा वेगळा विषय आहे, पण त्यांच्या 'काश्मीर' गाण्याचा एक सराव सांगून ठेवते, कारण तो आम्हा दोघांना फार आवडला. गिटारचा मुखडा तीन-तीनच्या हिशेबाने फिरतो आणि ड्रम्स चारच्या. बारा मात्रांनी दोघं समेवर भेटतात. भावाने मुखडा वाजवायचा, मी फक्त टाळीने चार धरायचे, आणि बाराव्या मात्रेनंतर एकमेकांकडे बघायचं. तबल्याची लयकारी ऐकत मोठं झालेल्या कानांना ही भेट ओळखीची वाटते. पहिल्यांदा बरोबर जमलं तेव्हा आम्ही दोघंही वाजवायचं थांबून ओरडलो.

जून. ७६, दोन्ही हात सुटे, चेहरा सैल. आता पोर्कारो.

जेफ पोर्कारोचे वडील जो पोर्कारो स्वतः तालवादक आणि शिक्षक. वयाच्या विशीतच जेफ स्टीली डॅनसाठी वाजवत होता, पुढे भावाबरोबर आणि मित्रांबरोबर 'टोटो' उभं केलं, आणि १९९२ मध्ये अवघ्या ३८ व्या वर्षी गेला. 'रोझॅना' १९८२ चं. तो ठेका कुठून आला हे त्याने शिकवणीच्या व्हिडिओत उघडपणे सांगितलंय: हात पर्डींचे आणि बॉनमचे, पाय रॉक अँड रोलवाल्या बो डिडलीचा. एवढा मोठा वादक समोर बसून नाव घेऊन सांगतो की हे मी यांच्याकडून उचललं, आणि मग तुकडे सुटे करून दाखवतो. मला तो व्हिडिओ गुरूने समोर बसवून घराण्याची चीज द्यावी तसा वाटतो.

बो डिडलीचा तो ठसका म्हणजे पाच आघात: तीन, मग जरा श्वास, मग दोन. तोच दोन आवर्तनांत पसरून किकवर ठेवायचा. हात ७६ वर झोपेतसुद्धा चालतात, पण पाय आला की चौथ्या आघाताशी 'कि' जड होतो, कारण पाय आणि डावा हात एकमेकांना ओढतात. म्हणून परत ५० वर आलेय. गेल्या आठवड्यात जॅमरूममध्ये दोन तास खऱ्या सेटवर बसले. जाळीच्या पॅडपेक्षा कातड्याची उसळी वेगळी, त्यामुळे पहिला अर्धा तास सगळं विस्कटलं. मग सापडलं. भाऊ टोटोचा गिटारवादक ल्यूकथरचा रिदम वाजवत होता, पूर्ण अंतरा पाय धरून निघाला, ५४ वर. रेकॉर्डिंगमध्ये तिसऱ्या मात्रेनंतरचा 'कि' स्पष्ट ऐकू येतो, हलका, आपल्या जागी. तेवढा तुकडा मी फोनमध्ये वेगळा काढून ठेवलाय.

आता एक विचारायचंय. हा किक तुम्ही टाच टेकवून वाजवता की उचलून? टाच टेकवली तर माझा आवाज घोस्ट नोटांना शोभेल इतका मऊ राहतो, पण पाच आघातांतला शेवटचा उशिरा येतो. उचलली तर वेळेवर येतो, पण जोर जास्त होतो. ज्यांनी ८५ पर्यंत नेलंय त्यांनी कुठला रस्ता धरला ते कळवा. मी महिनाभर टाच टेकवून करणार आहे, पुढची नोंद जुलैअखेर.