येझदीचे जुने सायलेन्सर आणि कृष्णेचा गाळ

२०१९ च्या महापुरात सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं तेव्हा आमची येझदी मोटरसायकल गावभागातल्या घराच्या बोळातच उभी होती. आई-अण्णांना घेऊन आम्ही विश्रामबागेत मावशीकडं गेलो, गाडी राहिली ती राहिलीच. पाणी उतरल्यावर आलो तर गाळातनं फक्त हँडल आणि टाकीचा वरचा भाग दिसत होता. इंजिन लगेच खोललं म्हणून वाचलं. सायलेन्सर मात्र वरनं पाणी मारून तसेच माळ्यावर टाकले, आणि आतला गाळ आतच वाळला. ही माझी खरी चूक.

गाडी १९७६ ची. अण्णांनी साखर कारखान्यात कायम झाल्यावर घेतलेली. म्हैसूरच्या आयडियल जावानं १९७३ पासून गाड्यांना येझदी नाव लावलं, त्यानंतरची ही. सिलिंडर एकच पण धूर बाहेर पडायला दोन वाटा, त्यामुळं सायलेन्सर दोन, डावा न उजवा. कंपनी १९९६ ला बंद पडली, तेव्हापासून ओरिजिनल जोडी मिळणं म्हणजे कुणाच्या तरी माळ्यावर नशिबानं सापडणं.

मी काय केलं, बाजारातनं नवीन जोडी आणली. चकचकीत एकदम, लांबनं बघितलं तर कळणार पण नाही. बसवली, गाडी सुरू झाली, आवाज मोठा पण कोरडा, डबा वाजवल्यासारखा. म्हटलं होईल सवय. पण सागरेश्वरच्या घाटात गाडीनं ओढच सोडली. अण्णा मागं बसलेले असायचे तेव्हा सुद्धा तिसऱ्यावर चढणारी गाडी दुसऱ्यावर रडायला लागली. कार्बोरेटर साफ केला, पॉइंट बघितले, प्लग बदलला, शेवटी मिस्त्री म्हणाला, "अहो आधी सायलेन्सरच्या आतली जाळी काढून बघा की."

मागचा बोल्ट काढून नव्यातली जाळी बाहेर ओढली आणि माळ्यावरच्या जुन्यातली शेजारी ठेवली. नवी चांगली वीतभर आखूड! भोकं पण मोठी आणि कमी. तिथंच सगळं कळलं. येझदीचं इंजिन टू-स्ट्रोक, म्हणजे पेट्रोलमध्येच ऑइल मिसळून चालणारं, त्यात एक क्षण असा येतो की ताजं पेट्रोल-हवेचं मिश्रण आत येत असतं आणि धूर जायची वाट पण उघडीच असते, मग थोडं ताजं मिश्रण पण धुरासोबत बाहेर पळायला बघतं. सायलेन्सरमधनं उलट येणारा दाब त्याला आत ढकलतो. म्हणजे सायलेन्सर हा इंजिनाचाच भाग आहे, नुसतं आवाज दाबायचं नळकांडं नाही. त्याची लांबी, आतली जाळी, भोकं हे सगळं त्या इंजिनासाठी ठरवलेलं असतं. लोकं क्रोम बघून जोडी घेतात, मी पण तेच केलं.

मग जुनीच जोडी परत उभी करायची ठरवली. जुन्याची जाळी निघाली तर तिच्यावर बोटभर जाड काळा थर, जळलेल्या ऑइलचा, आणि त्याच्यावर कृष्णेचा गाळ वाळून असा बसलेला की स्क्रूड्रायव्हरनं उकरला तर खपल्या निघायला लागल्या. एका खपलीत उसाच्या पाचटाचा तुकडा होता, तो मी बराच वेळ हातात धरून बसलो.

काजळी काढायला कॉस्टिक सोडा. ज्यांना करायचंय त्यांनी नीट वाचा: पाण्यात सोडा थोडा थोडा टाकायचा, सोड्यावर पाणी कधीच ओतायचं नाही, पाणी उसळतं. हातमोजे आणि गॉगल पाहिजेतच, आणि भांडं लोखंडी किंवा जाड प्लास्टिकचं, ॲल्युमिनियमचं घ्याल तर सोडा तेच खाऊन टाकेल. दोन्ही सायलेन्सर आणि जाळ्या रात्रभर बुडवून ठेवल्या, सकाळी चहाच्या डिकॉक्शनसारखं काळं पाणी निघालं. तीनदा केलं. जाळून पण काजळी निघते पण आमचा पत्रा आधीच गंजलेला, त्याला आग दाखवायचा जीव झाला नाही.

पोचे काढायला मिरजेत पितळी भांडी ठोकणाऱ्या एका काकांकडं गेलो. त्यांनी सायलेन्सर कानाशी धरून नखानं टिचकी मारली. "ह्यो पत्रा अजून जिता हाय बाळा, ह्याला फेकू नगं." मग लांब लोखंडी दांडी आत घालून, वरनं लाकडी हातोडीनं हळूहळू असं ठोकत गेले की मला पोचा कुठं होता तेच सापडेना. खालच्या बाजूला गंजून तीन भोकं पडलेली, ती गॅसवर पितळेनं झाळून घेतली.

निकल-क्रोमच्या मुलाम्याला, म्हणजे प्लेटिंगला, कुपवाड एमआयडीसीत दिलं. चमक क्रोमची असली तरी गंजापासनं वाचवतो तो खालचा निकल, त्यामुळं तिथं पैसे वाचवू नका. आणि प्लेटिंगला देताना दोन्ही तोंडं रबरी बुचानं बंद करून द्या, आत ॲसिड राहिलं तर वर्षभरात आतनं परत गंज.

बसवताना धुराचा पाइप सिलिंडरला धरून ठेवणारा रिंग नट हुक पान्यानं आवळला, गाडी तापवली, गार होऊ दिली, परत आवळला. हे दुसऱ्यांदा आवळणं विसरलात तर तिथनं काळं ऑइल गळणारच. पेट्रोलमध्ये लिटरला ४० मिली ऑइल, जास्त नाही, जास्त टाकलं की जाळी परत भरते.

गेल्या रविवारी परत सागरेश्वर. अण्णा आता मागं बसत नाहीत, गुडघे वाकत नाहीत, ते घाटाच्या पायथ्याला चहाच्या टपरीवर बसले. मी वर जाऊन खाली आलो तर म्हणाले, "तिसऱ्यावरच गेली न्हवं? ऐकू आलं मला."

नवीन जोडी घरी पडून आहे. कुणाला नुसती दाखवायला गाडी उभी करायची असेल तर फुकट घेऊन जा, पण घाट चढायचा असेल तर नका नेऊ.