माटोळीशेजारची ट्यूब

चवथ जवळ आली की आम्हा वायरमन लोकांना उसंत नसते. घरोघर रंग काढलेला असतो, गणपतीच्या खोलीत माळा सोडायच्या असतात, वर्षभर अडलेला पंखा नेमका तेव्हाच फिरायला हवा असतो. गोव्यातल्या साखळी-डिचोलीच्या पट्ट्यात मी कामे घेतो. मयेकडच्या एका जुन्या चिरेबंदी घरातून फोन आला तो अगदी साध्या तक्रारीचा: गणपतीच्या खोलीतली ट्यूब नुसती लुकलुकते, धड पेटत नाही. त्यांनी नवी ट्यूब आणून लावली होती, स्टार्टर तर किती बदलले त्याचा हिशेब नव्हता. फोन ठेवता ठेवता काकी म्हणाल्या, "आणि भाऊ, बटण बंद केलं तरी रात्री ती मिणमिणत असते. पोरं त्या खोलीत जायला भितात."

लुकलुकण्यापेक्षा मला या मिणमिणण्याची काळजी वाटली. लुकलुकणाऱ्या ट्यूबची कारणे ठरलेली असतात. स्टार्टरमधली पट्टी तापून जुळते, दोन्ही टोकांच्या तारा लाल होतात, पट्टी सुटली की चोक जोराचा झटका देतो आणि ट्यूब पेटते. पुढे प्रवाह आवरून धरणे हेही चोकचेच काम. यात कुठे ढिलाई आली, होल्डर गंजला, व्होल्टेज पडले, की ट्यूब पेटायचा प्रयत्न करत राहते. पण बटण बंद असताना प्रकाश दिसतो, तेव्हा फेज, म्हणजे वीज घेऊन येणारी वायर, कुठेतरी ट्यूबपर्यंत पोचलेली असू शकते.

मी पोचलो तेव्हा खोलीत माटोळीची, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळा-वेलांच्या सजावटीची, तयारी चालली होती. लाकडी चौकट छताला टांगून झाली होती. खाली सुपारीचे घोस, नारळ, आंबाडे, तोरिंजन आणि रानातून नुकतेच आणलेले कांगण्यांचे वेल, सगळे पावसाने निथळत होते. काकींचा मुलगा अनवाणी स्टुलावर चढला होता आणि वेलाचे एक टोक ट्यूबच्या लोखंडी पट्टीवरून पलीकडे घेत होता.

"अरे थांब, पट्टीला हात लावू नको. आधी खाली उतर."

"बटण बंद आहे हो," तो म्हणाला. बटण खरेच बंद होते.

तो उतरल्यावर मी पट्टीला टेस्टर लावला. टेस्टर पेटला. नुसत्या टेस्टरवर मी कधीच विसंबत नाही, कारण जवळून गेलेल्या वायरीमुळेही तो अंधूक पेटतो. म्हणून टेस्ट लॅम्प काढला, एक वायर पट्टीला आणि दुसरी बोर्डातल्या न्यूट्रलला, म्हणजे विजेच्या परतीच्या वायरीला. बल्ब लख्ख पेटला. म्हणजे 230 व्होल्ट त्या पट्टीवर उभे होते आणि पट्टीला अर्थिंग नव्हते. ओला वेल हातात धरून ओल्या जमिनीवर उतरताना त्या पोराचे काय झाले असते, ते मी काकींसमोर बोललो नाही.

मेन स्विच पाडून पट्टी उतरवली. होल्डरकडे जाणारी वायर पत्र्याच्या धारेवर घासून सोलली होती. भोकात रबराची गादी बसवली असती तर ती टिकली असती. होल्डरची पितळी पाती हिरवी-काळी पडली होती. लुकलुकण्याचे कारण तेच, बिचारे स्टार्टर उगाच फेकले गेले. पण खरी गोम बोर्डात होती. स्विचमधून काळी, म्हणजे न्यूट्रलची, वायर नेलेली. खोली मागाहून वाढवली तेव्हा माळ्यावरच्या जोडात फेज आणि न्यूट्रलची अदलाबदल झाली होती. त्यामुळे बटण न्यूट्रल तोडायचे आणि फेज अखंड ट्यूबमध्ये राहायची. पावसाळ्यात चिऱ्याची भिंत पाणी पिते, तिच्या अंगाने गेलेल्या वायरीतून किंचित प्रवाह झिरपतो, आणि तेवढ्यावरही ट्यूबमधला वायू अंधारात उजळतो. पोरांना दिसत होते ते हेच.

आणखी एक गोष्ट मला फार लागली. जोडणी सरळ असती, तर सोललेली ती वायर न्यूट्रल असती आणि पट्टीने कुणाला धरले नसते. एकेकट्या दोन छोट्या चुका वर्षानुवर्षे दडून राहिल्या असत्या. एकत्र आल्या म्हणून त्या जिवावर उठल्या होत्या.

माळ्यावरचा जोड सोडून सरळ केला, होल्डर बदलले, भोकात गादी बसवली, पट्टीला अर्थिंगची हिरवी वायर ओढली. ट्यूब पहिल्याच झटक्यात पेटली. बटण बंद करून, खिडक्या लावून मुलांना आत उभे केले, की बघा, आता पूर्ण काळोख आहे. तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे गळती होताच वीज तोडणारा स्विच, मेनला बसवायला हवा, हे मी काकांना निक्षून सांगितले, आणि चवथ झाल्यावर नव्हे, आधी. काका बाजारात जाऊन दुसऱ्या दिवशी घेऊन आले, तो मी बसवून दिला.

निघताना विचारले, "ही खोली ज्यांनी केली, त्यांनी आणखी कुठे काम केलं होतं?"

काकी म्हणाल्या, अंगणापलीकडे धाकट्या दिरांची नवी बाजू त्याच वर्षी त्याच माणसाने केली. टेस्टर घेऊन मी सरळ तिकडे गेलो. तिथे पंखा, दिवा आणि मिक्सरचा प्लग, तिन्हींची बटणे न्यूट्रलवरच निघाली. दिवेलागणीच्या आत तेही सरळ करून घेतले.