टायरची बाजू कोण बघतो?

टायर बघायला आलेलं गिऱ्हाईक आधी अंगठ्याने वरचं रबर दाबतं, मग वजन विचारतं. टायर गुळगुळीत असेल तर तिसरा प्रश्न ठरलेला, "पावसात घसरणार नाही ना?" सायकलचा टायर इतका अरुंद आणि इतक्या हवेचा असतो की पाणी तो स्वतःच बाजूला सारतो, डांबरावर नक्षीचं काही काम नसतं, हे सांगून सांगून माझं तोंड दुखलं. लोकांना नक्षी हवी म्हणजे हवीच. बाजू चिमटीत धरून बघणारा मात्र क्वचितच भेटतो. आणि महागडा हलका टायर आमच्या किनाऱ्यावर मरतो तो बाजूनेच.

दिवाळी झाली की पुण्या-मुंबईचे सायकलवाले सागरी रस्त्याने गोव्याला निघतात. रत्नागिरीत माझ्या दुकानाशी थांबतात ते चेनसाठी नाहीतर पंक्चरसाठी. चेन वाळूने आणि खाऱ्या वाऱ्याने करकरते, तिचं फार काही नाही. पंक्चरं बहुतेक तारेची. ट्रकचे टायर फुटतात, त्यांच्यातली केसाएवढी पोलादी तार हायवेवर विखुरते आणि रोड बाइकच्या टायरमध्ये उभी शिरते. बाहेरून दिसत नाही. टायरच्या आतून कापसाचा बोळा फिरवायचा, तो जिथे अडकेल तिथे तार. बोटाने शोधणारे रक्त काढून घेतात. तार न काढता नुसती ट्यूब बदलणारे पुढच्या गावात पुन्हा रस्त्याकडेला बसलेले असतात.

तर त्या दिवशी दुपारी एक रिक्षा थांबली. मागच्या सीटवर कार्बनची सायकल आडवी, आणि तिच्याखाली अर्धे दबलेले पुण्याचे डॉक्टर, पुढचं चाक मांडीवर घेऊन. सकाळी तवसाळहून फेरीने जयगडला उतरले, गणपतीपुळ्याला नाश्ता केला, आणि आरे-वारेच्या अलीकडे सपाटीला असताना पुढचा टायर फट्‌कन गेला. उतारावर गेला असता तर रिक्षा नाही, ॲम्ब्युलन्स लागली असती. हे मी मनात म्हटलं. डॉक्टर म्हणाले, "एक ट्यूब टाका, निघतो."

मी टायर काढला. वरचं रबर नव्यासारखं, एक ओरखडा नाही. बाजूला रिमपासून बोटभर अंतरावर तिरकी चीर, नखाएवढी. भिंगाखाली धरली तर धागे एका रेषेत कापलेले, पिंजारलेले नाहीत. जांभ्याच्या दगडावर घासलेला टायर असा दिसत नाही. तिथे धागे झिजून केसाळ होतात, आधी फुगवटा येतो आणि मग फुटतो. ही चीर पात्याची होती. माझा कयास कालवांचा. ओहोटीला फेरीच्या धक्क्याचा उतार उघडा पडतो, कडेच्या दगडांना कालवं चिकटलेली असतात, त्यांच्या शिंपा वस्तऱ्यासारख्या. गाड्यांना वाट द्यायला म्हणून माणूस सायकल कडेने ढकलत नेतो आणि टायर तिथे घासतो. अर्धी चीर तिथे पडली असणार, बाकीचं काम हवेने केलं. हवा किती, विचारलं. म्हणाले, "एकशे दहा पीएसआय." टायरवर जास्तीत जास्त म्हणून छापलेला आकडा लोक शिफारस समजून भरतात, डॉक्टर माणूससुद्धा. सत्तर किलोच्या माणसाला पंचवीस मिलिमीटरच्या टायरमध्ये ऐंशी पुष्कळ झाली. जास्त हवेने टायर पळत नाही, खड्ड्यावर उडतो.

आता थोडं आतलं. टायरचं वजन कमी करायला कंपनीपुढे वाटा दोन-तीनच असतात. वरचं रबर पातळ करायचं, रबराखालचा संरक्षक पट्टा काढायचा, किंवा बाजू नुसत्या धाग्यांवर सोडायच्या. वरचं रबर गिऱ्हाईक दाबून बघतं, पट्ट्याचं नाव खोक्यावर मोठ्या अक्षरात असतं. उरली बाजू. शर्यतीच्या टायरला ती मुद्दाम पातळ ठेवतात, कारण ती जितकी लवचीक तितका टायर मऊ पळतो. शर्यतीत ते बरोबरच आहे, मागून दुसरं चाक घेऊन गाडी येत असते. आमच्याकडे मागून एसटी येते. उलट्या टोकाचंही तसंच. "पंक्चरच होणार नाही असा द्या" म्हणणाऱ्यांना मी श्वाल्बेचा मॅरेथॉन प्लस दाखवतो. त्यात वरच्या रबराखाली पाच मिलिमीटरचा जाड थर आहे, तार त्यातून आत जाणं मुश्किल. पण तो थर असतो फक्त रस्त्याला टेकणाऱ्या भागात, बाजूला नाही. हातात घेतला की वजनानेच माणूस तो परत ठेवतो.

माझ्या मते मधला टायर म्हणजे काँटिनेंटलचा ग्रँड प्रिक्स फोर सीझन. वरच्या रबराखाली व्हेक्ट्रान नावाच्या मजबूत धाग्याचे दोन पट्टे, आणि दोन्ही बाजूंना तपकिरी जाळी, अगदी डोळ्यांनी दिसते, नख घासलं तर खरखरते. पंचवीसच्या मापाची एक जोडी माझ्याकडे पडून होती. पडूनच असते, कारण इथे कोणी मागत नाही. अठ्ठावीसची मागितली तर वितरक 'पुढच्या लॉटला' म्हणतो, आणि तो लॉट कधी येत नाही. तशीही डॉक्टरांच्या फ्रेमीत ती मावली नसती. ब्रेकखाली जेमतेम दोन-तीन मिलिमीटर फट होती आणि तिच्यात आधीच तांबडी माती थापली होती.

मी वजनकाटा काढला. डॉक्टरांच्या टायरवर छापील वजन १८० ग्रॅम, काट्यावर १९१. फोर सीझन २३३. म्हणजे टायरमागे ४२, जोडीला ८४. "डॉक्टर," म्हटलं, "तुम्ही, सायकल आणि पाणी मिळून पंच्याऐंशी किलो धरू. अर्ध्या तासाच्या चढाला ह्या ८४ ग्रॅमने दोन सेकंदसुद्धा जायचे नाहीत. तुमची एक भरलेली बाटली पाऊण किलोची."

"वजनाचं सोडा हो," ते म्हणाले, "घर्षणाचं काय? जोडीमागे दहाएक वॅट खातो हा."

इथे माझ्याकडे पक्कं उत्तर नव्हतं. जाड बाजूचा टायर जडच पळतो, ते खोटं नाही. मी म्हटलं, तुम्ही काही शर्यतीला निघालेला नाहीत. ते म्हणाले, "मजेला निघालोय, आणि मजा ह्याच टायरात आहे." ह्यावर काय बोलणार?

टायर नको म्हणाले. मग गेटर, म्हणजे टायरला आतून चिकटवायचं कापडी ठिगळ, टाकायचा ठरला. जुन्या रेसिंग टायरच्या कापडाचा लंबगोल तुकडा कापला, कडा ब्लेडने तासून कागदासारख्या केल्या. कड जाड राहिली तर तीच ट्यूबला कुरतडते. टायर आतून पॉलिश पेपरने खरवडला, दोन्हीकडे सोल्युशन, ते पूर्ण सुकू दिलं. घाई करणारे ओल्यावर चिकटवतात आणि मग गेटर सरकतो. वरून टाल्कम, नवी ट्यूब. एका गोष्टीला मात्र मी अडून बसलो. फाटका टायर पुढे लावणार नाही. मागचा चांगला टायर पुढे, गेटरवाला मागे. मागचा फुटला तर गाडी डगमगते, सावरता येते. पुढचा फुटला तर सावरायला वेळ मिळत नाही. डॉक्टरांना हे लगेच पटलं. पुढे सत्तर, मागे पंचाहत्तर हवा भरली. "रोज संध्याकाळी चीर बघा, फुगवटा दिसला तर थांबा," एवढं सांगितलं. मजुरीवर घासाघीस केली नाही, हेही लिहितो. हजारोंच्या टायरला पन्नास रुपयांसाठी वाद घालणारे पुष्कळ असतात.

गोवा इथून किनाऱ्याने अडीचशेच्या आसपास. तिसऱ्या दिवशी मिरामारच्या वाळूत उभ्या सायकलचा फोटो आला. "तुमची पट्टी टिकली!" माझा पोऱ्या खूश. मी फोटो मोठा करून पाहिला. मागच्या टायरच्या बाजूला, गेटरच्या जागी, अर्ध्या सुपारीएवढा फुगवटा. तेव्हाच लिहिलं, "आता हवा सोडा, सायकल बसने न्या." उत्तराला नुसता अंगठा आला.

तेव्हापासून हेच डोक्यात घोळतंय. डॉक्टरांच्या हिशोबाने सिद्ध काय झालं? हलका टायर फाटला, तरी गोवा गाठला. त्यांच्या ग्रुपवर हीच गोष्ट फिरणार, फुगवटा कोणी मोठा करून बघणार नाही. आणि फोर सीझनची जाळी त्या कालवापुढे टिकली असतीच, असंही मी छातीठोक सांगू शकत नाही. दगडाला ती दाद देत नाही, ते मी पाहिलंय. पण शिंप म्हणजे पातंच. एकदा जुना टायर घेऊन धक्क्यावर घासून बघावं म्हणतो.

काल त्यांचा पुन्हा निरोप आला. हलक्या टायरचाच आणखी एक हवाय, किंमत कळवा. कळवली. खाली फोर सीझनच्या जोडीचीही कळवली, त्यांनी विचारली नव्हती तरी.