आत्याची अळंबी

आज जांबोटीला आत्याकडे होते. पावसाची उघडीप बघून ती मला पहाटेच वारुळाकडे घेऊन गेली. ओल्या मातीतून वर आलेल्या पांढऱ्या छत्र्या, काही अजून मिटलेल्याच! वाळवी वारुळात जी बुरशी पोसते, तिचीच ही अळंबी. म्हणून ती शेतात पेरून येत नाही. वारूळ न दुखवता आत्याने एकेक देठ हलकेच उपटला, उमललेली चार-पाच तशीच राखली. एक अनोळखी निघाली, ती लगेच फेकली. "जिवाशी खेळ नको गं."

मग देठाची माती चाकूने खरवडून, हातानेच उभी फाडून, भाजलेल्या कांदा-खोबऱ्याच्या वाटणात रस्सा. सोबत तांदळाची भाकरी. फणसाच्या आठळ्या घातलेला टाकळाही होता. येताना पानात बांधून दिलेली पुरचुंडी बसमध्ये मांडीवरून खाली ठेवली नाही.